आधी ताप मोजा



फॅमिली डॉक्टरांच्या अधिवेशनात अध्यक्षाने काय बोलावे हे ठरल्यासारखे आहे. क्रॉसपॅथी, ग्राहक न्यायालये, डॉक्टरांवरचे हल्ले, मेडिक्लेमवाल्यांची अडवणूक. हे विषय पुढच्या वर्षीही शिल्लक राहतील, म्हणून आज ते बाजूला ठेवतो. मला ट्रान्सजेंडर, म्हणजे तृतीयपंथी, पारलिंगी, जोगते, हिजडा समाजातल्या आणि स्त्री-पुरुष या दोन रकान्यांत न मावणाऱ्या माणसांच्या आरोग्याबद्दल बोलायचे आहे. विषय ऐकून काही जणांनी मला विचारले, ‘हा तर प्लास्टिक सर्जनचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा प्रांत, आपला काय संबंध?’ आजचे माझे सगळे भाषण म्हणजे या प्रश्नाला उत्तर आहे.

2011च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात 4 लाख 87 हजार 803 होती, महाराष्ट्रात 40 हजार 891. दार वाजवणाऱ्या प्रगणकापुढे घरच्यांच्या देखत कोण काय सांगणार? तेव्हा हा आकडा तळाचा समजायचा. जन्माने मुलगी म्हणून नोंदलेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा ट्रान्स पुरुष तर आपल्याला दिसतच नाही. तो सिग्नलवर उभा नसतो, बधाईला येत नाही. तो आपल्याच गावातल्या बँकेत कॅशियर असतो आणि पाळीच्या दुखण्यासाठी तीन तालुके ओलांडून अनोळखी डॉक्टरकडे जातो.

या माणसांना होते काय? ताप येतो, साखर वाढते, दात किडतात, पाठ धरते. म्हणजे तुम्हाआम्हाला होते तेच. फरक पडतो तो केसपेपरच्या खिडकीपासून. आधार कार्डावर एक नाव, समोर साडीतली व्यक्ती, आणि कंपाउंडर भर गर्दीत कागदावरचे पुरुषी नाव मोठ्याने पुकारतो. रांगेतली पन्नास डोकी वळतात. त्यातून डॉक्टरपुढे पोचले तर ताप किती दिवसांचा आहे हे विचारण्याआधी प्रश्न येतो, ‘ऑपरेशन झालंय का?’ मलेरियाच्या रुग्णाला हा प्रश्न कशासाठी? एका जोगत्याने मला सांगितले होते, ‘डाक्टर, आमी आजारी पडलो की आदी मेडिकलात जातो, मग देवाकडं, आन् उचलून आणायची येळ आली की तुमच्याकडं.’ कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या डॉक्टरांना जोगते नवे नाहीत. राजन गवस यांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी वाचलेल्यांना त्यांचे जगणेही नवे नाही. पण डोक्यावरच्या जटेच्या वजनाने मानेचे मणके दुखतात, जटेखाली कातडी चिघळते, परडी घेऊन अनवाणी फिरणाऱ्या मधुमेही जोगत्याच्या तळपायाची जखम महिनोन्महिने बरी होत नाही, हे आपल्या तपासणीत कितीदा येते?

आता जरा वैद्यकाच्या गाभ्याकडे येतो, कारण इथे आपले अज्ञान महागात पडते.

हिजडा समाजातल्या अनेक जणी निर्वाण होतात, म्हणजे लिंग आणि अंडकोष काढून घेतात. पूर्वी हे काम दाई करत असे, भुलीशिवाय. आजही कुठल्यातरी गल्लीतल्या खोलीत, पावतीशिवाय, डिस्चार्ज कार्डाशिवाय होते. चाळीस दिवसांची विश्रांती पाळली जाते, समारंभ होतो, आणि वैद्यकीय दृष्टीने तिथे विषय संपतो. खरे तर तिथून सुरू व्हायला हवा. मूत्रमार्गाचे तोंड आकसत जाते, लघवी थेंबथेंब होते, पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होतो. त्यात सार्वजनिक स्वच्छतागृहात पुरुषांकडे जावे तर छेड, बायकांकडे जावे तर ओरडा, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही. मूत्रपिंडाला आणखी काय हवे? दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. अंडकोष काढले की शरीरातले टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपते. त्याच्या जागी इस्ट्रोजेन सुरू केले नाही, तर हाडांना दोन्हींपैकी एकाचाही आधार राहत नाही. विशीत निर्वाण झालेल्या आणि नंतर हार्मोन न घेतलेल्या व्यक्तीची हाडे पन्नाशीच्या आतच ठिसूळ होऊ शकतात. मनगट मोडून आलेल्या अशा रुग्णाला प्लास्टर घालून घरी पाठवणे म्हणजे निम्मेच काम. तिची हाडांची घनता तपासा, ड जीवनसत्त्व बघा, एंडोक्राइनोलॉजिस्टला चिठ्ठी द्या.

हार्मोनचे दुसरे टोकही आहे. डॉक्टर देत नाहीत म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि लवकर फरक दिसावा म्हणून दिवसाला तीन-तीन, चार-चार घ्यायच्या, हा सल्ला मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जातो. या गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिऑल असते. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका त्याने वाढतो. तंबाखू, विडी सोबत असेल तर विचारूच नका. तज्ज्ञ वापरतात ते साधे इस्ट्राडिऑल, ठरलेल्या मात्रेत, तपासण्यांसह. पिंडरी सुजलेली, दम लागलेली पारलिंगी स्त्री दारात आली तर ‘काय घेतेस?’ हे न चिडता विचारले तरच खरे उत्तर मिळेल. पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम बघायला हवे. तेच औषध आपण रक्तदाबासाठी रोज लिहितो, त्यात परके काही नाही. ट्रान्स पुरुषाला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने चालू असतील तर हिमॅटोक्रिट वाढते आहे का ते पाहायचे. कधीकधी ही इंजेक्शने व्यायामशाळेच्या ओळखीतून आलेली असतात, आत काय आहे देव जाणे. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणारच नाही असे मुळीच नाही, हेही सांगायला हवे. गर्भाशयाचे तोंड शाबूत आहे तोवर त्याच्या कर्करोगाची तपासणी करायची. आणि योनी शस्त्रक्रियेने घडवली तरी प्रोस्टेट जागच्या जागीच असते. साधा नियम असा, की जो अवयव आहे त्याची तपासणी करा. यात अवघड ते काय?

आजवर आपल्या आरोग्यव्यवस्थेने या समाजाकडे एकाच रोगाच्या चष्म्यातून पाहिले, एचआयव्ही. ते अनाठायी होते असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहण्यांत सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास असताना तृतीयपंथी समाजात ते तीन टक्क्यांहून जास्त आढळत आले आहे. मुंबईत 1994 साली अशोक राव कवी यांनी उभारलेल्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थांनी या कामात किती जीव वाचवले! पण बोटातून रक्त घेतले, निरोधची पाकिटे दिली, की सरकारी रजिस्टरात त्या माणसाचे आरोग्य पूर्ण झाले. त्याचा रक्तदाब कोण मोजणार? शिवाय याच चष्म्यामुळे 2017च्या रक्तदाता निवडीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सगळ्याच ट्रान्सजेंडर व्यक्तींना रक्तदानाला अपात्र ठरवले. वागण्याने येणारी जोखीम समजते, पण इथे आख्ख्या समाजालाच जोखीम ठरवले गेले. 2021 साली हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला.

कायद्याकडे झटकन पाहून पुढे जातो. 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको असे म्हटले. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आणि मुंबईच्या गौरी सावंत या लढ्यात होत्या. 2019 साली संमत झालेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याच्या 15व्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन, समुपदेशन, विमा आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाची फेरतपासणी हे सगळे लिहिले गेले. ‘आयुष्मान भारत’अंतर्गत ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला पाच लाखांच्या विमासंरक्षणाचा करार ऑगस्ट 2022मध्ये झाला. कायदे बदलतात, त्यांवर वाद होतात, होऊ द्या. आपल्या व्यवसायाची नीती मात्र राजपत्राची वाट बघत बसत नाही.

वाद खरा आपल्याच घरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1 जानेवारी 2022पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या रोगवर्गीकरणात पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या यादीतून काढले. 2021मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या अशास्त्रीय मजकुरावर बोट ठेवले. त्यानंतर 2022मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने उपचाराने ओळख बदलू पाहणारी ‘कन्व्हर्जन थेरपी’ हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. आणि त्याच आयोगाच्या 2024च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या धड्यात समलैंगिकता पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त येऊन बसली! टीका झाली, काही दिवसांत मजकूर मागे घेतला गेला. पण एवढ्या सह्या होऊन तो छापला गेला, याचा अर्थ वाचताना कोणालाच खटकले नाही. मुलाला ‘बरे’ करून द्या म्हणून आईबाप तुमच्याकडे येतील. तेव्हा झटके, घाण वाटायला लावणारी औषधे किंवा घाईघाईने लग्न यांपैकी काही सुचवू नका. वयात येणाऱ्या मुलांचे निर्णय तज्ज्ञांच्या गटाने घ्यायचे आहेत. त्या आईबापांना शांत बसवून समजावणे हे काम मात्र आपलेच.

मुंबईच्या जी.टी. रुग्णालयात 2023 साली तृतीयपंथी रुग्णांसाठी 30 खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आजच्या घडीला त्याची गरज आहे हे मान्य. पण वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीतून उठवायला निमित्त मिळते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. तालुक्याच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये कक्ष कुठून आणणार? तिथे एक पडदा आणि ‘तुम्हाला कुठल्या वॉर्डात बरे वाटेल?’ हा प्रश्न पुरतो. संमतीपत्रावर सही कोणाची, असा घोळही उगाच घातला जातो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची सही त्याची स्वतःची. भावाला गावाहून बोलावण्यात अपेंडिक्स फुटायला नको. जवळचे माणूस म्हणून रुग्णाने गुरूचे नाव दिले तर गुरूचे लिहा.

एक अनुभव सगळ्या देशाने घेतला. 2021च्या जानेवारीत हैदराबादेत अमेरिकी मदतीवर तृतीयपंथीयांसाठीचे ‘मित्र’ क्लिनिक उघडले, मग कल्याण आणि पुण्यात. समाजातलीच माणसे तिथे काम करत होती, हार्मोनपासून समुपदेशनापर्यंत सगळे एका छताखाली होते. 2025च्या जानेवारीत ती मदत थांबली आणि तिन्ही बंद पडली. हैदराबादचे पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ नावाने सुरू झाले. वॉशिंग्टनमधल्या एका सहीने कल्याणच्या रुग्णाचे औषध तुटावे, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेला शोभणारी गोष्ट नाही. तज्ज्ञ केंद्रे हवीत, सरकारी पैशाने हवीत, आणि ती मागत राहू. पण निधी आटला म्हणून तुमचा-माझा दवाखाना बंद होत नाही. म्हणून मी म्हणतो, हा आपला प्रांत आहे.

आणि खुर्चीच्या पलीकडेच ही माणसे असतात असेही समजू नका. मुंबईत वाढलेल्या, जी.एस. मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अक्सा शेख यांनी करोनाच्या काळात दिल्लीतले एक लसीकरण केंद्र सांभाळले. हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयात 2022मध्ये दोन ट्रान्सजेंडर डॉक्टर सरकारी सेवेत रुजू झाल्या. आपल्या जिल्हा शाखांच्या सभासद यादीतही कोणी असेल, गप्प बसलेले.

उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडतो आहे. सभासद दवाखान्यांतल्या केसपेपरवर कागदोपत्री नावाशेजारी हाक मारायचे नाव लिहिण्याची जागा असावी, आणि हाक त्याच नावाने मारली जावी. कंपाउंडर, नर्स आणि रिसेप्शनवरच्या माणसांसाठी प्रत्येक शाखेने या वर्षात एक प्रशिक्षण घ्यावे आणि ते या समाजातल्या व्यक्तींनीच मानधन घेऊन द्यावे. हार्मोन, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन यांसाठी जिल्ह्यातल्या विश्वासाच्या तज्ज्ञांची यादी शाखेने तयार ठेवावी. सूचक म्हणून माझे नाव आहे, अनुमोदकाची जागा कोरी आहे. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात येऊन ती भरा.