तळ्याकांठचा किल्ला आणि घरचीं छायाचित्रें



किल्ल्यांचा इतिहास आपण बखरींत, फर्मानांत आणि शिलालेखांत शोधतों. आज मी ज्या साधनाविषयीं बोलणार आहें, तें याहून साधें आहे आणि पुष्कळांच्या घरीं ट्रंकेच्या तळाशीं पडलेलें असतें. तें म्हणजे कुटुंबाचीं जुनीं छायाचित्रें. उदाहरणादाखल आमच्या घरची एक लहानशी चवड घेतों. तींतील बहुतेक चित्रांत मागें सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव दिसतो.

हा किल्ला डोंगराच्या नव्हे, पाण्याच्या आधारानें उभा आहे. पूर्वेस तलाव, उरलेल्या अंगांस रुंद खंदक आणि आंत तटांची दुहेरी रांग, अशी त्याची रचना. सोळाव्या शतकांत विजापूर आणि अहमदनगर या दोन शाह्या त्याच्यासाठीं वारंवार झगडल्या. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हां हाच किल्ला आंदण म्हणून गेला. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तो पेशव्यांच्या शिबंदीकडून घेतला. एवढें ग्रंथांत मिळतें. परंतु त्या तटाखालीं साधीं माणसें कशीं वावरलीं, हें तेथें क्वचितच सांपडतें.

तें या चित्रांत सांपडतें. १९०० सालीं ईस्टमन कोडॅक कंपनीनें ‘ब्राउनी’ नांवाचा स्वस्त, पेटीवजा कॅमेरा विकावयास काढला आणि छायाचित्रणाची हौस हळूहळू मध्यम स्थितीच्या घरांतहि शिरली. या कॅमेऱ्याचें भिंग एका जागीं पक्कें बसविलेलें असे. कांहीं पावलांपलीकडचें सारें बहुधा सारख्याच स्पष्टतेनें उमटे. चित्र घेणाऱ्याचें लक्ष आपल्या माणसांकडे. भिंग मात्र मागचा बुरूजहि टिपून घेई. म्हणून एका चित्रांत दगडांच्या सांध्यांतून डोकावणारें पिंपळाचें रोप, तेंच पुढच्या एका चित्रांत हातभर झालेलें. एका वर्षीं पायऱ्यांना टेकलेलें पाणी, तर दुसऱ्या वर्षीं उघडा पडलेला चिखल, हें सारें न मागतां आमच्या हातीं आलें आहे. माणसें ऐट करून उभीं राहतात. बुरूज ऐट करीत नाहीं.

यांतील एका चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें दोनच शब्द आहेत: ‘संक्रांत १९३१’. सिद्धेश्वराच्या यात्रेचा हा सण. पांच पुरुष आणि दोन मुलें नवे कपडे घालून तळ्याकांठीं उभीं आहेत. हंसरें कोणीच नाहीं. पाहणारा म्हणतो, तेव्हांची रीतच ती. पण साल वाचलें कीं मन थबकतें. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या सोलापूरकरांना येरवड्यास फांशी देण्यांत आलें. संक्रांत त्यानंतर दोनच दिवसांनीं आली. या मुखांवर त्याच शोकाची छाया आहे, असें मी ठामपणें म्हणणार नाहीं. परंतु तें साल लिहिलेलें नसतें, तर हा प्रश्नहि उपजला नसता.

याच्या उलट दुसरें चित्र. त्यांत नऊ जण आहेत. आमच्या आत्याबाईंनीं तिघांचीं नांवें सांगितलीं. आतां आत्याबाई नाहींत. उरलेले सहा जण आमच्याच घरचे असून आम्हांस परके झाले आहेत.

म्हणून माझी विनंती एवढीच. चित्र स्वच्छ, सपाट जागीं पालथें ठेवून पाठीच्या कडेला मऊ पेन्सिलीनें, न दाबतां, नांवें डावीकडून उजवीकडे लिहा. साल आणि स्थळहि लिहा. शाई वापरूं नका, ती पलीकडे फुटते. खळीनें चिकटवूं नका, ओल्या फडक्यानें पुसूं नका; चित्राचा थर सरसासारख्या द्रव्याचा असतो आणि तो ओलीनें फुगतो. कडेनेंच धरा, बोटांच्या घामानें डाग पडतात. आतां तर खिशांतल्या दूरध्वनीनेंहि प्रत घेतां येते; ती नातलगांकडे धाडा, म्हणजे एका घरीं विसरलेलें नांव दुसऱ्या घरीं निघेल.

तटाचे दगड ढांसळले तर त्यांची डागडुजी करणारें सरकारी खातें आहे. नांवांची डागडुजी करणारें खातें नाहीं. तें काम घरच्यांनींच, आणि घरांतील वडील माणसें सांगावयास आहेत तोंवरच, केलें पाहिजे.