उष्टावणानंतरची वाटी

गोंदिया शहराला लागून असलेलं फुलचूर धानाच्या पट्ट्यातलं गाव, तेव्हा बाळाच्या पहिल्या वाटीची सुरुवात घरच्या तांदळापासूनच होऊ द्या. बाळाला 6 महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत वरचं अन्न सुरू करायचं.

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुऊन, वाळवून, वेगवेगळं भाजून दळा. डाळ मुगाचीच घ्या. धानानंतर बांधीत येणारी लाखोळी बाळाच्या वाटीत नको; ती फार खाण्यात आली तर पाय लुळे पडू शकतात.

खरी अडचण पुढेच येते. या पिठाची पेज घट्ट केली तर बाळ गिळत नाही, आणि पातळ केली तर पोटात नुसतं पाणी जातं. यावर मोडाचे गहू उपयोगी पडतात. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, अगदी हलके शेकून दळा. शिजलेली घट्ट पेज कोमट झाली की त्यात हे पीठ चमचाभर ढवळा. मोडातलं अमायलेज पिष्टाचे तुकडे करतं आणि पाणी न घालताच पेज सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा.

वरून तेल किंवा तूप अर्धा चमचा. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर मुळीच नको, आजी कितीही म्हणाली तरी! सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरेत. पावसाळ्यात पीठ थोडंच दळा, कोरड्या डब्यात ठेवा.