तिथी, मुहूर्त आणि आपण

(विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शिक्षण बेताचेच, पण वाचनाचा नाद आहे. धम्मवर्गातली पोरं विचारतात, काका, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर कधी हलत नाहीत, मग बुद्धपौर्णिमाच का हलते? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मी पंचांग उघडून बसलो.

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही त्याची पाच अंगे. तिथी म्हणजे सरळ गणित. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी झाली. अशा ३० तिथींचा चांद्रमास, सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून एखादी तिथी वीसेक तासांत आटोपते, एखादी २६ तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. त्यामुळे कधी एक तिथी गळते, कधी तीच दोन दिवस येते. त्यात कोपबिप काही नाही. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, सूर्याचे वर्ष ३६५ चे. ही तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिकमास घालतात. बुद्धपौर्णिमा मागेपुढे होते ती यामुळे.

इथपर्यंत माझे पंचांगाशी भांडण नाही. आकाश कोणाच्या बापाचे नाही. १९५२ साली सरकारने दिनदर्शिका सुधारायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचे चिरंजीव होते.

भांडण पुढे आहे. राहुकाळ घ्या. सूर्योदय ते सूर्यास्त दिवसाचे आठ भाग करायचे आणि त्यातला एक वाईट ठरवायचा. सोमवारी दुसरा, म्हणजे साधारण साडेसात ते नऊ. मंगळवारी सातवा, तीन ते साडेचार. हे ठरते नुसत्या वारावरून, आकाशात बघावे लागत नाही. आणि राहू तरी काय? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू. तिथे दगडसुद्धा नाही. राहुकाळ आहे म्हणून जॉबरने मला कधी घरी पाठवले नाही!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून घेणार नाही, ही त्यातली आठवी. लग्न आपण बौद्ध पद्धतीने लावतो, मान्य. पण तारीख? ती काढायला काही घरांतून आजही कोणीतरी गुपचूप जाऊन येते. नाव घेत नाही, खाली बघू नका. चातुर्मासात मुहूर्त नाही. गुरू-शुक्र सूर्याजवळ गेल्याने दिसेनासे झाले, त्याला अस्त म्हणतात, तेव्हाही नाही. मग उरलेल्या तारखांवर सगळ्यांची झुंबड. हॉलचे भाडे चढते, जेवणवाला अडवतो, आणि बाप पतपेढीचे कर्ज काढतो. त्याच पैशात धाकटीचे कॉलेज झाले असते. रविवार बघा, मुलांच्या परीक्षा बघा, हॉल स्वस्त कधी ते बघा आणि तारीख धरा.

पुढच्या पौर्णिमेला पोरांना चेंडू आणि बॅटरी घेऊन हा हिशेब दाखवणार आहे. संध्याकाळी गच्चीवर या. आभाळ मोकळे असेल तर एकीकडे सूर्य मावळताना आणि समोर चंद्र उगवताना दिसेल. घरात पंचांग असेल तर तेही आणा, लपवू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!