बसले म्हणजे जुळले नव्हे

घरच्या भिंतीवरील तीन पिनांचा प्लग आपण रोज वापरतो; परंतु त्याच्या आकारामागील विचार क्वचितच ध्यानात घेतो. त्याची वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते. जाड असल्यामुळे प्लग उलटा बसत नाही. लांब असल्यामुळे भूजोडणी सर्वांच्या आधी होते आणि सर्वांच्या शेवटी सुटते. माणसाने विसरले तरी आकाराने आठवण ठेवावी, अशी ही योजना आहे.

आज ज्या जोडणीविषयी मला बोलावयाचे आहे, तिच्या ठायी हा गुण नाही. अडॅप्टरच्या वायरीच्या टोकाला जी नळीसारखी गोल डी.सी. पिन असते, ती ही जोडणी. अशा जुन्या अडॅप्टरांचा गुंता बहुतेक घरांत एखाद्या खणात पडलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटातून हौसेने बोर्ड आणणाऱ्या मुलाला हा खण म्हणजे खजिनाच वाटतो. जी पिन बसेल ती तो लावतो. पिन बसते खरी. पण पुष्कळदा खाऊच्या पैशांतून घेतलेला बोर्ड क्षणात जळून जातो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

म्हणून पिन लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न प्रवाहाच्या जातीचा आणि दाबाचा. काही अडॅप्टर एकदिश प्रवाहाऐवजी प्रत्यावर्ती प्रवाह देतात आणि त्यांची पिनही अगदी अशीच असते. त्यामुळे अडॅप्टरवरील लेबल आधी वाचावे. दाब यंत्राला हवा तेवढाच असावा. जुन्या, जड रोहित्राच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असले, तरी भार नसताना मीटर १६ व्होल्टही दाखवू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न धन-ऋणाचा. आर्दुइनो उनोच्या तिसऱ्या आवृत्तीला ७ ते १२ व्होल्ट आणि पिनेचा मध्य धन लागतो. गिटारच्या ध्वनिपरिणामांच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात. पण त्यांचा मध्य ऋण असतो. दोन्हींची पिन मात्र एकाच मापाची! लेबलावरील वर्तुळाची खूण मध्याचे चिन्ह सांगते. खूण पुसली असेल तर मल्टिमीटर एकदिश दाबावर ठेवून लाल टोक पिनेच्या छिद्रात आणि काळे बाहेरच्या नळीला लावावे. दोन्ही टोके एकमेकांस चिकटू देऊ नयेत. आकड्यामागे उणे चिन्ह आले, तर मध्य ऋण समजावा.

तिसरा प्रश्न मापाचा. सर्वांत प्रचलित पिनेची बाहेरची नळी ५.५ मिलिमीटरची असते. आतले छिद्र मात्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे. २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात शिरतच नाही, हे बरेच. उलट २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात सहज शिरते, पण सैल राहते. मग यंत्र मध्येच चालते, मध्येच बंद पडते, आणि दोष मात्र बोर्डावर जातो.

चौथा प्रश्न अँपिअरचा. अडॅप्टरवरील अँपिअरचा आकडा ही त्याची कमाल शक्ती होय. रांजण मोठा असला म्हणून तांब्या फुटत नाही; यंत्र आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेते. हा आकडा गरजेहून अधिक चालेल, कमी चालणार नाही.

आकाराला बोलके करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. जपानच्या मानकात दाबाच्या ५ श्रेणी ठरवून प्रत्येकीला पिनेचे निराळे माप दिले आहे. परंतु जगभरच्या उत्पादकांनी ती शिस्त सरसकट पाळली नाही. आजच्या यू.एस.बी. टाइप-सी जोडणीने निराळा मार्ग धरला. तिचे प्लग कसेही लावले तरी बसते. समोर यंत्र आहे अशी खात्री झाल्याशिवाय चार्जर ५ व्होल्टही सोडत नाही, आणि त्याहून अधिक दाब दोघांच्या संमतीनेच येतो. यासाठी हौशी कारागिराने आपल्या बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रोधक, दोन स्वतंत्र खुणेच्या तारांवर, बसवावे लागतात. लिथियम घटाच्या दोन तारांच्या चिमुकल्या प्लगाला मात्र असे शहाणपण नाही. निरनिराळ्या विक्रेत्यांकडील प्लगांत लाल-काळ्या तारा उलटसुलट असू शकतात, म्हणून तेथेही आधी मीटर लावावा.

खणातला एकेक अडॅप्टर आजच बाहेर काढा. दाब, मध्याचे चिन्ह, पिनेचे माप आणि अँपिअर एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या वायरीला बांधा. जे आकार सांगत नाही, ते ही चिठ्ठी सांगेल, आणि घरातल्या पुढच्या छोट्या कारागिराचा बोर्ड वाचेल.