आपला हिशेब कोणाच्या कुलपात?

धामणगाव रेल्वेहून मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलते आहे.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई रेडिओची यंत्रं घेऊन अंदमानात, पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. त्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि बिनतारी यंत्रावर देशोदेशी बोलायचं, अशी ही हौस. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा भारतीताईंच्या यंत्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली घरी पोचू लागली. पलीकडच्याचं यंत्र कोणत्या कंपनीचं, हे विचारावं लागलं नाही. साधा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

पुढे या हौशीत डिजिटल यंत्रं आली. त्यांत आवाजाची आधी आकड्यांत घडी घालतात, पलीकडे ती उलगडतात. डी-स्टार, डीएमआर अशा पद्धतींत घडी घालायची रीत आहे ‘एएमबीई’. ती एका अमेरिकन कंपनीची. वापरायची तर तिची चिप किंवा परवाना घ्या. स्वतः यंत्र खोलून, जोडून शिकणाऱ्या लोकांच्या हाती बंद डबी आली. मग ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो या हॅमने ‘कोडेक २’ ही दुसरी रीत तयार केली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली.

तुम्ही म्हणाल, आपल्याले काय त्याचं?

आमच्या एका गटाचा तीन वर्षांचा हिशेब एका विकतच्या प्रोग्राममध्ये होता. कॉम्प्युटर बिघडला. दुसऱ्यावर फाइल उघडेना. प्रोग्राम पुन्हा विकत घ्या म्हणे. एका पोराने खटपट करून ती उघडली, तर आकडे दिसले, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं न् खुणा! एक काकू म्हणाल्या, “ताई, यात माह्यं नाव कोणतं वं?” बँकेत कर्जाचे कागद द्यायचे होते. काकूंनी सगळे हप्ते वेळेवर भरलेले, पण दाखवायचं कसं? शेवटी पासबुकं, पावत्या जमवून दोन रात्री बसून हिशेब पुन्हा लिहिला.

झालं काय होतं? जुन्या मराठी फॉन्टमध्ये आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की मराठी गायब. युनिकोडमध्ये तसं होत नाही. त्यात ‘क’ला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. मोबाइलवर आपण मराठी लिहितो, ते युनिकोडच.

विकतचं सॉफ्टवेअर वाईटच असतं, असं मी म्हणत नाही. कामाचे पैसे द्यावेत. पण हिशेब आपला आहे, तो आपल्याला कधीही काढून घेता आला पाहिजे.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. मराठी युनिकोडमध्ये आहे का? सगळा हिशेब ‘सीएसव्ही’ नावाच्या साध्या फाइलमध्ये काढता येतो का? वर्षाची फी थांबली तर जुना हिशेब दिसेल का? त्याच्यासमोरच एक फाइल काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

आणि दर महिन्याच्या बैठकीनंतर त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, एक कागदावर छापून वहीला लावा. वही मात्र बंद करू नका. तिला पासवर्ड लागत नाही, अन् काकूंना त्यात आपलं नाव सापडतं.