राखेचा हिशेब

जुन्या घरात चुलीतील राख कोणी वाया घालवीत नसे. तिने भांडी घासली जात, दात घासावयास राखुंडी होई, उरलेली राख परसातल्या भाजीच्या मुळाशी जाई. आता शहरातील घरात चूल उरली नाही, म्हणून राखही उरली नाही, असा आपला समज आहे. वस्तुतः आपली चूल विझलेली नाही. ती केवळ दूर गेली आहे. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रांत ती रात्रंदिवस पेटलेली असते. आपल्याकडील दगडी कोळशात राखेचा अंश फार. शंभर किलो कोळसा जाळला की साधारण तीस ते पंचेचाळीस किलो राख मागे राहते. आपल्या दिव्या-पंख्यांची ही राख जाते कोठे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या राखेचा मोठा भाग पिठासारखा बारीक असतो व धुराबरोबर वर उडतो. धुराडे गाठण्यापूर्वीच विजेच्या भाराने चालणारी यंत्रे त्याला पकडतात. सिलिका व अॅल्युमिना हे या राखेचे मुख्य घटक होत. ती एकटी पाण्यात कालविली तर सहसा घट्ट होत नाही. परंतु चुन्याची जोड मिळाली की दगडासारखी बनते. हा गुण नवा नव्हे. रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बांधकाम करीत. आपले गवंडी त्याच हेतूने चुन्यात भाजलेल्या विटांची सुरखी घालीत. सिमेंट आळताना त्यातून चुना मोकळा होतो. राख त्याला बांधून घेते. त्यामुळे काँक्रीट अधिक भरीव होते आणि आळताना त्याची उष्णताही कमी राहते. सह्याद्रीतील घाटघर येथील धरणे बांधताना काँक्रीटमध्ये सिमेंटहून अधिक राख वापरली गेली. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये पंधरा ते पस्तीस टक्के राख असते. ज्यांनी अलीकडे घर बांधले त्यांच्या भिंतींत ती बहुधा असेलच, आणि त्यात भिण्याजोगे काही नाही.

तथापि तीच राख मोकळी राहिली की तिचा स्वभाव पालटतो. तिच्यात आर्सेनिक, सेलेनियम, पारा, शिसे यांचे अल्प अंश असतात. उघड्या ढिगात पाऊस मुरला की यांपैकी काही पाण्याबरोबर खाली झिरपतात. उन्हाळ्यात वाऱ्याने उडालेली धूळ फुप्फुसात जाते. राख पाण्यात कालवून मोठमोठ्या तळ्यांत साठविण्याची रीत आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी अशा साठ्याचा बांध फुटला आणि सुमारे चाळीस लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत व वस्तीत घुसला. दूर कशाला? जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध अतिवृष्टीत फुटला व राखेचे पाणी शेतांत शिरले.

यावर कायदा काय म्हणतो? १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत निदान पंचवीस टक्के राख मिसळावी असे ठरविले. पुढे हे अंतर वाढत गेले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांवर शंभर टक्के राख उपयोगात आणण्याचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई लावली. हेतू उत्तमच आहे.

परंतु माझा आयुष्यभराचा धंदा शाळामास्तराचा. हजेरीपटावर शंभर टक्के उपस्थिती लागली म्हणजे सर्व मुले शिकली असे होत नाही, हे मी जाणतो. ‘उपयोग’ या एका शब्दात सिमेंट येते, वीट येते, आणि सखल जमीन भरून काढणेही येते. अशा भरावास अटी आहेत, हे खरे. पण हिशेबाच्या वहीत सिमेंटमध्ये कायमची बांधली गेलेली एक टन राख आणि ओढ्याकाठच्या खड्ड्यात ओतलेली एक टन राख यांची किंमत सारखीच धरली जाते. पहिली बंदिस्त आहे, दुसरी मोकळी. खड्डा भरणे सोपे व स्वस्त असेल तेथे कंत्राटदाराचा ओढा तिकडेच असणार, हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

अमेरिकेच्या २०१५ च्या नियमात हा भेद स्पष्ट केलेला होता. रस्त्याखेरीज अन्यत्र १२,४०० टनांहून अधिक मोकळी राख जमिनीवर घालावयाची तर पाणी, माती व हवा यांना अपाय होत नाही हे आधी दाखवून द्यावे, अशी ती अट होती. आपल्याकडेही बंदिस्त व मोकळ्या उपयोगाचे आकडे निरनिराळे प्रसिद्ध व्हावेत. भराव कोठे घातला, त्याखाली अस्तर व वर मातीचा थर आहे काय, जवळच्या विहिरींचे पाणी आधी व नंतर तपासले काय, याची नोंद जमिनीच्या कागदपत्रांबरोबर राहावी. कारण जमीन विकली जाते, कंत्राटदार निघून जातो, राख मात्र तेथेच राहते.

श्रोतेहो, घरासाठी जागा घेताना आपण रस्ता, पाणी, शेजार पाहतो. यापुढे ‘या जमिनीत भराव कशाचा आहे?’ हाही प्रश्न विचारीत जा, आणि उत्तर लेखी मागा. वीज आपण जाळतो. तिच्या राखेचा हिशेब विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.