गाठीचा रिपोर्ट पेटीत ठेवू नका





आजचा विषय आपल्या घरांत बोलला जात नाही. स्तनात गाठ लागली तर बाई महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. सांगितले, तर कोणी "काही नाही" म्हणून सोडून देतो, कोणी कर्करोगच झाला असे समजून रडू लागतो. या दोहोंच्या मधल्या काही अवस्था आहेत. त्या आपण समजून घेतल्या पाहिजेत.

बहुतेक गाठी साध्या असतात. स्तनातील दूधनळ्यांना आतून पेशींचे पातळ अस्तर असते. कधी या पेशी नुसत्या संख्येने वाढतात. त्याने धोका थोडाच वाढतो. कधी त्यांचे रूप आणि मांडणीही बिघडते. त्याला डॉक्टर 'अटिपिकल हायपरप्लेझिया' म्हणतात. हा कर्करोग नव्हे. परंतु ड्यूपॉन्ट व पेज या अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली दाखवून दिले की, अशा स्त्रियांना पुढे कर्करोग होण्याचा धोका चार-पाच पट असतो. आई किंवा बहिणीला हा रोग झालेला असेल, तर तो अधिकच.

त्यापुढची पायरी 'डक्टल कार्सिनोमा इन सीटू'. येथे पेशी कर्करोगाच्या दिसतात, पण नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेल्या नसतात. याच वेळी इलाज झाला, तर बाई बहुधा पूर्ण बरी होते.

हे बदल पुष्कळदा हाताला लागतही नाहीत. मॅमोग्राफीत संशय येतो आणि बायॉप्सीत निदान होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पाहणीत, अटिपिकल हायपरप्लेझिया असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे तीस जणींना पंचवीस वर्षांत कर्करोग झाला. बाकीच्यांना झाला नाही. म्हणून घाबरून जाऊ नये. पण त्या तीस जणी कोणत्या, हे आधी कळत नाही, म्हणून गाफीलही राहू नये. अशा बाईने डॉक्टर सांगतील तशी नियमित तपासणी करून घ्यावी. धोका कमी करणारी टॅमॉक्सिफेनसारखी औषधेही आहेत. ती घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

हया ही आपली शोभा आहे. ती इलाजाच्या आड येता कामा नये. हवी तर लेडी डॉक्टर शोधावी, पण तपासणी टाळू नये. पुरुषांनो, घरातल्या बाईला दवाखान्यात नेणे ही तुमची जबाबदारी आहे. आणि मुलींनो, तुम्ही शिकलात, तर अम्मीचा रिपोर्ट तुम्ही वाचा. त्यात 'अटिपिकल' हा शब्द दिसला, तर तो कागद पेटीत न ठेवता त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवा.

खुदा हाफिज.